हिशेबी वीर

खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर एकच राक्षस उभा असतो. माऊसचं बटण दाबलं की त्याला एक फटका बसतो. दहा फटक्यांत तो मरतो, सोन्याची नाणी सांडतात आणि त्याच्या जागी दुसरा येतो. पाच नाणी साठली की सिड हे पहिलं पात्र घेता येतं; त्यानं फटक्याचा जोर वाढतो. पन्नास नाण्यांना ट्रीबीस्ट मिळतो. हा चालताबोलता वृक्ष तुम्ही बटण न दाबताही राक्षसांना मारत राहतो. मग दारुडा इव्हान, समुद्रकिनाऱ्यावरची राजकन्या ब्रिटनी, भटका कोळी, मुखवट्यातला सामुराई. दहा राक्षस मेले की पुढचा झोन उघडतो. दर पाचव्या झोनमध्ये एक मोठा राक्षस असतो, त्याला तीस सेकंदांत मारावं लागतं. मारता आलं नाही तर मागच्या झोनमध्ये सोनं जमवत बसायचं, ताकद वाढवायची आणि पुन्हा जायचं.

‘क्लिकर हीरोज’ म्हणतात तो हाच खेळ. यात कथा जवळजवळ नाही, हात चपळ लागत नाही आणि हरणं असं काही नाहीच. तरी मे २०१५ मध्ये तो स्टीम या संगणक-खेळांच्या सर्वांत मोठ्या बाजारात आला आणि काही दिवसांत, एका वेळी सर्वाधिक लोकांच्या संगणकावर चालू असणाऱ्या खेळांच्या यादीत, मोठ्या खर्चाच्या खेळांच्या पंगतीला जाऊन बसला. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायासोबत तो लिहिणाऱ्यानं खेळ किती तास चालवला तेही दिसतं. या खेळाखाली हजार, दोन हजार, पाच हजार तासांचे आकडे सहज सापडतात. त्यातले बहुतेक तास माणसाचे नसून संगणकाचे आहेत. माणूस झोपलेला, कचेरीत गेलेला, जेवत बसलेला. खिडकी उघडी आणि ट्रीबीस्टचं काम चालू. तेव्हा ‘किती वेळ खेळलात’ या प्रश्नाला इथे दोन उत्तरं असतात, आणि खेळाडू दोन्ही मनापासून देतात.

या खेळांना व्यसन म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कबुतराला दाणा मिळतो म्हणून ते चोच मारतं, माणसाला आकडा वाढलेला दिसतो म्हणून तो बटण दाबतो, असं ते उत्तर. मी हा खेळ खेळले आहे, खेळणाऱ्यांचं वर्षानुवर्षांचं बोलणं आणि त्यांनी मांडलेले हिशेब वाचले आहेत. त्या साऱ्यावरून माझं ठाम मत झालंय की ते उत्तर अर्धंच आहे. खेळाडूंनी या खेळात बटण दाबण्यावर प्रेम केलंच नाही. जिथे बटण दाबावं लागलं तिथे त्यांनी ते काम यंत्राकडे दिलं. त्यांनी प्रेम केलं ते हिशेबावर. आणि त्यांचा राग जेव्हा जेव्हा उफाळला, तेव्हा तो हिशेबात कुणीतरी हात घातल्याचा होता.

*

प्लेसॉरस ही अमेरिकेतली छोटी कंपनी. तिचा आधीचा ‘क्लाउडस्टोन’ हा अनेकांनी मिळून खेळायचा साहसखेळ फारसा चालला नव्हता. त्यासाठी काढलेले राक्षस आणि योद्धे मात्र हाताशी होते. तीच चित्रं घेऊन कंपनीनं २०१४ मध्ये ब्राउझरवर फुकट खेळता येणारा ‘क्लिकर हीरोज’ आणला.

वाट आधीच मळलेली होती. २००२ मध्ये एरिक फ्रेड्रिकसन यांनी ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ लिहिला होता. त्यात पात्र निवडायचं आणि मग नुसतं बघत राहायचं. लढाया, लूट, पातळ्या सगळं आपोआप. २०१० मध्ये इयन बोगोस्ट या अभ्यासकानं फेसबुकवरच्या खेळांवर टीका म्हणून ‘काऊ क्लिकर’ केला. दर सहा तासांनी एकदा गायीवर क्लिक करायचं, बस. लोकांनी ती टीका बाजूला ठेवून गायी जमवल्या. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ज्युलियँ थिएनो या फ्रेंच तरुणाचा ‘कुकी क्लिकर’ आला आणि या साऱ्या प्रकाराला नाव आणि वस्ती मिळाली. ‘क्लिकर हीरोज’नं त्यात भर घातली ती पुढे सरकत जाणाऱ्या जगाची. बिस्किटांचा ढीग एकाच जागी उंच होत जातो. इथे मात्र ‘मी ११० व्या झोनपर्यंत पोहोचलो’ असं सांगता येतं. भिंत लागते, भिंत फुटते, पुढची लागते.

या भिंतींच्या मागचं गणित खेळाडूंनी फार लवकर उलगडलं. कोणत्याही योद्ध्याची पुढची पातळी आधीच्यापेक्षा ७ टक्क्यांनी महाग असते. ७ टक्के ऐकायला किरकोळ, पण चक्रवाढीनं दर दहा पातळ्यांमागे किंमत जवळजवळ दुप्पट होते आणि २५ पातळ्यांत साधारण ५.४ पट. बहुतेक योद्ध्यांची ताकद २०० व्या पातळीपासून दर २५ पातळ्यांना ४ पट होते. खर्च ५.४ पट, कमाई ४ पट. म्हणजे जुना योद्धा मागे पडणार, पण हळूहळू. आणि हजाराव्या पातळीला जेव्हा एकदम १० पटीची उडी येते तेव्हा तो पुन्हा डोकं वर काढणार. राक्षसांचा मार सोसण्याचा जोम सुरुवातीच्या १४० झोनपर्यंत प्रत्येक झोनला दीडपटीहून थोडा जास्त वाढतो, म्हणजे दहा झोनमध्ये सुमारे ८० पट. हे तीन वेग एकमेकांशी शर्यत लावतात आणि खेळाडू मधे उभा राहून ठरवतो की आत्ता कुणावर पैसा लावायचा.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. ‘क्लिकर हीरोज’मध्ये ८५ व्या झोनच्या आसपास एका साध्या राक्षसाचा जोम परार्ध ओलांडतो, आणि ही अजून खेळाची सुरुवात आहे. त्यानंतरचे आकडे वाचण्याचा प्रयत्न कुणी करत नाही. खेळाडू फक्त किती शून्यं आहेत ते बघतो. नकळत तो लॉगॅरिदममध्ये विचार करू लागतो. शाळेत जे प्रकरण घोकूनही डोक्यात शिरत नाही ते इथे बोटांना कळतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

साधारण शंभराव्या झोनच्या पुढे खेळ एक विचित्र मागणी करतो. सगळं सोडून दे. सोनं, योद्धे, पातळ्या, सगळं. याला अ‍ॅसेंड करणं म्हणतात. बदल्यात मिळतात हीरो सोल्स. खर्च न करता बाळगलेला प्रत्येक सोल पुढच्या फेरीत योद्ध्यांची ताकद १० टक्क्यांनी वाढवतो. शेतकरी उभं पीक कापून रान मोकळं करतो आणि पुढच्या हंगामाला जमीन अधिक कसदार होते, तसा हा व्यवहार. पहिल्यांदा अ‍ॅसेंड करताना हात अडखळतो, असं जवळजवळ प्रत्येक खेळाडू सांगतो. नंतर ज्या शंभर झोनना दिवस लागले होते ते काही मिनिटांत पार होतात, आणि तो वेग हेच या खेळाचं खरं बक्षीस आहे. नवं काही दिसत नाही. तेच राक्षस, तीच रानं. पण मागच्या वेळी जिथे अडलो होतो ती जागा आता लक्षातही येत नाही.

सोल्स बाळगायचे की खर्चायचे, हा पुढचा पेच. खर्च केले तर एन्शंट्स नावाची प्राचीन दैवतं मिळतात. सियालातस, लिबर्टास, सॉलोमन, फ्रॅग्सवर्थ. सियालातस आणि लिबर्टास ही दोघं काय देतात ते महत्त्वाचं आहे. तुम्ही एक मिनिट काहीही क्लिक केलं नाही, तर ताकद आणि सोनं अनेक पटींनी वाढतं. ज्याच्या नावातच क्लिक आहे त्या खेळात क्लिक न करणाऱ्याला बक्षीस. खेळाडूंचे इथे उघड पंथ पडले. एक आयडल, हात न लावणारे. दुसरे अ‍ॅक्टिव्ह, क्लिकच्या जोरावर जाणारे. त्यातल्या बहुतेकांचा हात म्हणजे सेकंदाला कितीतरी वेळा आपोआप क्लिक करणारा छोटा प्रोग्राम. तिसरे हायब्रिड, जे फेरीचा मोठा भाग शांत बसून आणि शेवटचा टप्पा क्लिक करत काढत. कोणत्या दैवताला कितवी पातळी द्यावी, याची सूत्रं कंपनीनं सांगितली नव्हती. ती खेळाडूंनी काढली, वर्गमुळांसकट. मग कुणी त्यांची गणनयंत्रं बनवली. आपला सेव्ह केलेला खेळ त्यात टाकायचा आणि पुढची खरेदी विचारून घ्यायची. खेळाचा निम्मा भाग खेळाच्या बाहेर खेळला जाऊ लागला.

या खेळातली माझी सर्वांत आवडती हकिकत नशिबाची आहे. सुरुवातीच्या काळात दैवत निवडायचं तर समोर येतील त्या मोजक्यांतूनच निवडावं लागे. नको असतील तर सोल्स देऊन नवी फेरी मागायची. दर काही झोनना एखादा योद्धा सोनेरी व्हायचा, गिल्ड व्हायचा, आणि तोही कोण ते दैवावर. ज्या योद्ध्याचा काही उपयोग उरलेला नाही त्याच्या अंगावर सोनं चढलं की खेळाडू कमालीचे वैतागत. पण सेव्ह केलेला खेळ साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येत होता, आणि त्या मजकुरात पुढचे यादृच्छिक आकडे ज्या बीजातून निघणार ते बीजही होतं. खेळाडूंनी ते वाचलं. कोणतं दैवत कितव्या फेरीत येणार, सोनं कुणाच्या अंगावर चढणार, हे आधी सांगणारी साधनं तयार झाली. जुगाराचं यंत्र ज्याला आवडतं तो माणूस असं करत नाही. जुगाऱ्याला पुढचं पान माहीत नसण्यात गोडी असते. या खेळाडूंनी खेळातलं नशीबच उपटून काढलं आणि त्या जागी वेळापत्रक लावलं. कंपनीनंही पुढे दैवतं थेट निवडण्याची सोय दिली. कबुतराच्या दाण्याची उपमा इथे माझ्या दृष्टीनं मोडते.

*

मात्र सगळंच इतकं सुंदर नव्हतं.

डार्क रिच्युअल नावाचं एक कौशल्य होतं. वापरलं की त्या फेरीपुरती ताकद ५ टक्क्यांनी वाढे, आणि हा वाढावा गुणाकारानं साचत जाई. पुन्हा वापरायला काही तास थांबावं लागे. खेळाडूंनी एक क्रम शोधला. आठ, सहा, नऊ या कळा: आधी परिणाम दुप्पट करणारं कौशल्य, मग डार्क रिच्युअल, मग थांबण्याचा काळ कमी करणारं. हिशेबानं हे बिनतोड होतं, कारण दिवसातून जितक्यांदा येऊन त्या तीन कळा दाबाल तितकी वाढ. पण हिशेब बिनतोड असला की तो पाळावासा वाटतो, आणि मग खेळ माणसाच्या दिवसाचे तुकडे पाडू लागतो. क्लॅन आले तेव्हा हेच अधिक टोकाला गेलं. रोज येऊन आपल्या गटासोबत एका अमर राक्षसाशी लढायचं, नाही आलात तर सोल्स बुडाले आणि सोबत्यांचंही नुकसान. जो खेळ ‘तू जा, मी सांभाळतो’ म्हणत होता तो हजेरी मागू लागला. खेळाडूंच्या तक्रारींचा मोठा भाग या हजेरीचा आहे, आणि मला ती तक्रार पूर्ण रास्त वाटते.

दुसरा मोठा वाद अनंताचा. संगणक दशांश संख्या ज्या प्रचलित पद्धतीनं साठवतो तिची मर्यादा सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात. म्हणजे १८ आणि त्यापुढे ३०७ शून्यं. त्याच्या वर गेलं की संगणक आकडा सोडतो आणि ‘इन्फिनिटी’ लिहितो. निर्मात्यांना वाटलं असावं की इथवर कुणी येणार नाही. लोक आले. सोनं अनंत झालं, ताकद अनंत झाली, आणि साधारण ४७०० व्या झोनच्या पुढे राक्षसाचा जोमही त्याच मर्यादेला भिडला. खेळ तिथे संपत होता, कुणी लिहिलेल्या शेवटामुळे नव्हे तर यंत्राच्या कुवतीमुळे. जे तिथे पोहोचले त्यांना मी गिर्यारोहक मानते.

२०१६ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीनं ही मर्यादा उठवली आणि अ‍ॅसेंड करण्याच्याही वरची एक पायरी आणली, ट्रान्सेंडन्स. आता सोल्स आणि दैवतंही सोडून द्यायची, बदल्यात एन्शंट सोल्स घ्यायचे, आणि ते मिळणार सोडलेल्या सोल्सच्या लॉगॅरिदमच्या हिशेबानं. नव्या खेळाडूंना हे आवडलं. त्यांच्यासाठी जग खोल झालं. जुन्यांपैकी अनेकांना तो घाव वाटला. ज्यांनी वर्षभर दैवतं वाढवली होती, ज्यांचं सगळं वेळापत्रक जुन्या सूत्रांवर उभं होतं, त्यांना नव्यानं सांगण्यात आलं की ती सूत्रं आता चालणार नाहीत. कुणाची वस्तू गेली नव्हती, पण कुणाचं तरी ज्ञान गेलं होतं. निर्माते सहसा वस्तूंची भरपाई देतात. ज्ञान बाद होतं त्याची भरपाई कशी द्यायची हे कुणाला सुचत नाही. तरी काही आठवड्यांत नवी सूत्रं निघाली, नवी गणनयंत्रं उभी राहिली.

*

आता पैशाचं. खेळ फुकट होता, पण त्यात रुबी होत्या. पडद्यावर अधूनमधून उगवणाऱ्या वस्तूवर क्लिक केलं की थोड्या फुकट मिळत, आणि खऱ्या पैशांनी हव्या तितक्या. रुबी देऊन आठ तासांपासून आठवडाभरापर्यंतचा काळ एका क्षणात पुढे ढकलता येई. कामगिरीवर गेलेला भाडोत्री शिपाई मेला तर रुबी देऊन उठवता येई. पैसा मिळवण्याचा हा मार्ग त्या काळातल्या इतर खेळांच्या मानानं सौम्यच होता, असं बहुसंख्य खेळाडू म्हणत. एक रुपयाही न देता शेवटपर्यंत जाता येत होतं, हे खरं आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये प्लेसॉरसनं जे जाहीर केलं त्यानं हे चित्र आतून दाखवलं. ‘क्लिकर हीरोज २’ फुकट नसेल, त्यात खऱ्या पैशांची कोणतीही खरेदी नसेल, एकदाच २९.९९ डॉलर द्यायचे, असा निर्णय कंपनीनं सांगितला आणि कारणंही उघड मांडली. रुबींवर हजारो डॉलर खर्चणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या काहींना ते परवडत नसावं. व्यसन न ओळखणाऱ्याच्या पैशावर जगणं आम्हाला नकोसं झालं आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. दुसरं कारण रचनेचं होतं, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं. एकदा वस्तू पैशाला विकली की खेळाचा तोल सुधारण्यासाठी ती बदलता येत नाही, कारण विकत घेणारा फसवला गेल्यासारखा होतो. आणि खेळाडूंनी स्वतः बदल करून खेळावं अशी मोकळीकही देता येत नाही, कारण मग विकणार काय?

ज्या धंद्यावर आपण वाढलो त्या धंद्याविषयी इतकं स्पष्ट बोलणारी कंपनी मी तरी पाहिली नाही. खेळाडूंनी या निवेदनाचं जोरदार स्वागत केलं. खेळांवर लिहिणाऱ्या जगभरच्या पत्रकारांनी त्याची दखल घेतली.

हा प्रश्न आपल्याही फोनमध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. रमी, फॅन्टसी क्रिकेट यांच्या जाहिराती एका रात्रीत गायब झाल्या. पण रुबीच्या बदल्यात पैसे परत मिळत नाहीत. फक्त वेळ वाचतो, तोही खेळानंच मुद्दाम लांबवलेला. त्यामुळे अशा खेळांना त्या बंदीची झळ नाही. जिंकण्याच्या आशेनं घर बुडवणारा माणूस कायद्याला दिसतो. जिंकण्याची आशाही नसताना, केवळ थांबणं सहन न होऊन पैसे देणारा माणूस त्याला दिसत नाही. पुण्यातल्या वसतिगृहातला मुलगा असो की अमेरिकेतल्या नेवार्कमधला, त्याचं नुकसान मोजायला कोणतंही माप अजून ठरलेलं नाही. प्लेसॉरसनं ते आपल्यापुरतं ठरवलं, म्हणून ते निवेदन मला कायद्याच्या कलमांहून जवळचं वाटतं.

‘क्लिकर हीरोज २’ १६ जुलै २०१८ रोजी स्टीमवर अपूर्ण अवस्थेतच विक्रीला आला. त्यात कौशल्यांचं एक प्रचंड जाळं होतं, आणि ऑटोमेटर होता. ‘अमुक झालं की तमुक कर’ अशा सूचनांची रांग खेळाडूनं स्वतः रचायची आणि मग ती आपल्या वतीनं खेळणार. पहिल्या खेळात लोकांनी जे बाहेरच्या प्रोग्रामांनी केलं होतं ते इथे खेळाच्या गाभ्यात आणलं होतं. खेळाडूंना इतकं नीट ओळखल्याचा दुसरा पुरावा नको.

तरी प्रतिसाद संमिश्र राहिला, आणि पुढे तो अधिक कडवट झाला. तक्रारी साध्या होत्या. इतक्या पैशांत सुरुवातीला खेळायला एकच पात्र, सिड. नवं काही येण्याचा वेग फार मंद. अपूर्णतेचा शिक्का वर्षानुवर्षे तसाच. फुकट खेळाला हजारो तास देणाऱ्यांनी तीस डॉलरच्या खेळाला मात्र कडक मोजपट्टी लावली, म्हणून काहींनी त्यांना कृतघ्न ठरवलं. मला ते पटत नाही. सचोटीचं स्वागत करणारे आणि अपुऱ्या खेळावर नाराज होणारे हे तेच लोक होते, आणि दोन्ही वेळा ते खरं बोलत होते. त्यांना सुंदर निवेदनाहून जास्त काही हवं होतं: वर्ष-दोन वर्षं पुरेल इतकं खोल गणित, जे आधीच्या खेळानं त्यांना फुकट दिलं होतं. ते बनवायला जो पैसा आणि जी माणसं लागतात ती पहिल्या खेळात रुबींच्या विक्रीतून आली होती. थोड्या अगतिक माणसांनी खूप दिलं म्हणून बाकी साऱ्यांना काही न देता मिळालं. ही जमाखर्चाची बाजू खेळाडूंच्या कोणत्याही गणनयंत्रात नव्हती, आणि दुसऱ्या खेळात कंपनीनं ती विक्री बंद करताच फरक साऱ्यांच्या पदरात पडला.

२०२० च्या अखेरीस अ‍ॅडोबीनं फ्लॅश बंद केलं आणि ज्या पायावर ‘क्लिकर हीरोज’ ब्राउझरमध्ये उभा होता तो निघून गेला. पण स्टीमवरची आणि फोनवरची आवृत्ती राहिली. दुसऱ्या भागावर नाराज झालेल्यांपैकी बरेच जण पहिल्याकडे परतले. तो आजही फुकट आहे, आणि रुबी तिथे आजही विकत मिळतात.